मास्तरांशी लावलेली जोडी

३ मार्च, मंगळवार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर पाकिटावर बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आम्ही दोघं आपापल्या गोळ्या घेऊन हिंडतोफिरतो आहोत. रक्तदाब ताब्यात आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, आणि तो थांबला की ती कुरकुरते. मला डाव्या कानात यंत्र बसवलंय. मी ते सोयीप्रमाणे बंद करतो असा तिचा आरोप आहे. आरोपात तथ्य आहे.

तुमच्या दोघींचं दर पंधरा दिवसांनी फोनवर बोलणं होतं हे मला माहीत नाही, असं तुम्हांला एकोणीस वर्षं वाटत आलंय. मी शेजारच्याच खोलीत असतो, ठमे. तुझ्याकडच्या बातम्या मला भिंतीतून कळतात. मास्तरांच्या छातीचं दुखणं वाढल्याचंही तसंच कळलं. काळजी वाटली.

आता पत्राचं कारण. पक्षाच्या कार्यालयात जिन्याच्या भिंतीवर सगळ्या माजी अध्यक्षांची चित्रं आहेत, तुला आठवत असतील. रिवाज असा की पद सोडल्यावर दहा वर्षं झाल्याशिवाय चित्र लावायचं नाही. तेवढ्या वेळात माणूस पक्षाची अब्रू घालवतो का ते बघायचं. मला अकरा झाली. मी पास झालो म्हणायचं. माझी जागा दुसऱ्या वळणावर आहे, विजेच्या मीटरच्या वर. म्हणजे मीटर बघायला येणारा माणूस तरी महिन्यातून एकदा माझ्याकडे बघेल.

चित्र काढायला एक मुलगी येते, तिशीच्या आतबाहेरची. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं की ती आम्हांला मत देत नाही. मी म्हटलं, रंग नीट दे म्हणजे झालं. मला खिडकीशी खुर्चीत बसवते आणि हलू देत नाही. परवा तिने विचारलं की तुम्ही नेमकं केलंत तरी काय. मी सुरुवातीपासून सांगायला घेतलं आणि ती निवांतपणे माझा कान रंगवत बसली.

बाबांच्या घड्याळांच्या दुकानापासून सुरुवात केली. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, घड्याळ चालतंय, पण एकदा उघडून साफ करा. बाबा ते परत त्याच्या हातात द्यायचे. चालतंय ना, मग उघडायचं नाही. मी पुढे चाळीस वर्षं भाषणं ठोकली त्या सगळ्यांचा ऐवज एवढाच होता. वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला सनातनी, परंपरावादी, काय काय म्हटलं. खरं तर तो एका घड्याळजीचा आळस होता.

मग पहिल्या दोन निवडणुका हरलो ते सांगितलं. दुसऱ्या खेपेला तू आणि मी खळीचा डबा घेऊन भिंतीभिंतीवर कागद चिकटवत फिरलो होतो आणि तू माझा एक फोटो मुद्दाम उलटा चिकटवला होतास. तिसऱ्यांदा दोनशे अकरा मतांनी निवडून आलो. मग मागच्या बाकावर बरीच वर्षं गेली, मग उपप्रतोद झालो, म्हणजे आपली माणसं मतदानाला हाकत न्यायचं काम. मग सरकार पडलं, आम्ही आलो. दोन वर्षांनी मी पक्षाध्यक्ष झालो, आणि सहा वर्षांनी हरलो त्याच दुपारी राजीनामा देऊन घरी आलो. तुझी वहिनी म्हणाली, बरं झालं, आता नळ दुरुस्त करा.

समारंभ २८ मार्चला सकाळी अकरा वाजता आहे. तुम्ही दोघा नवराबायकोंनी, तू आणि मास्तरांनी, यावं अशी मनापासून इच्छा आहे. त्या दिवशीच्या गैरसमजाला आता एकोणीस वर्षं झाली. आपली वयं झाली. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्या आहेत.

कळव.

तुझा भाऊ,
माजी पक्षाध्यक्ष

(हे सवयीने लिहिलं गेलं. खोडलं तर कागद घाण होतो, म्हणून ठेवतो.)


१४ मार्च, शनिवार

प्रिय ठमे,

तुझ्याकडचं पाकीट मिळालं. उत्तर असेल म्हणून घाईने फोडलं तर आत माझंच पत्र. वाटलं, न वाचता परत पाठवलंस. मग लाल पेन्सिल दिसली.

एका शब्दाभोवती गोल. 'गैरसमज'. आणि समासात, बेताच्या, सरळ अक्षरात, 'पुन्हा लिहा'.

बाकी अख्ख्या पत्रात एक खूण नाही. मास्तरांनी चाळीस वर्षं सातवीची गणितं तपासली, त्यातली आमदारकीची सहा वजा जाता. ते उगाच गोल करत नाहीत. पाठीमागे तुझ्या दोन ओळी होत्या, की त्यांना दवाखान्यात ठेवलंय आणि शस्त्रक्रिया २८ तारखेला आहे. तारीख वाचून मी कानातलं यंत्र काढून ठेवलं.

पुन्हा लिहितो.

चित्रकार मुलगी काल आली होती. मी म्हटलं, मला एक गोष्ट तुला समजावून सांगू दे, म्हणजे मला ती लिहिता येईल. तिला आमची 'जोडी' माहीत नव्हती. आता कोणालाच माहीत नसते. एका बाजूच्या सभासदाला घरी अडचण आली, आजारपण, मरण, काही, तर दुसऱ्या बाजूचा एकजण त्याच्यासाठी मतदानातून बाहेर राहतो. दोन्हीकडचं एकेक मत कमी होतं आणि पारडं जिथल्या तिथे राहतं. कायद्यात हे कुठे नाही. उपप्रतोद म्हणून माझ्याकडे एक छोटी वही असायची, तीत दोघांची नावं लिहून सह्या घ्यायच्या, एवढंच. ती म्हणाली, आणि एकाने ऐनवेळी मत दिलं तर? मी म्हटलं, तसं होत नाही. तिने ब्रश थांबवून माझ्याकडे पाहिलं. बायकांना कसं कळतं कोण जाणे.

त्या दिवशी सकाळी मास्तर माझ्या खोलीत आले. वारसा हक्काच्या विधेयकावर दुपारी मतदान होतं. मास्तर सरकारच्या बाजूचे, मी विरोधातला; ते पडलं तर सरकार राजीनामा देणार हे त्यांच्या पुढाऱ्याने आधीच जाहीर केलं होतं. तुला पहाटे पोटात दुखू लागलं होतं आणि डॉक्टर दुपारीच पोट उघडायचं म्हणत होते. मास्तरांचा सदरा उलटा होता, शिवण बाहेर. मी म्हटलं, तुम्ही तिच्याकडे जा, मी बाहेर राहतो, आपली जोडी. त्यांनी वही मागितली. मी म्हटलं, घरच्या माणसाकडून सही कसली घ्यायची. तेव्हा ते मनापासून म्हटलं होतं, ठमे. एवढं तरी मान.

दुपारी मी मोजणी केली. मास्तर आणि मी सोडून दोन्हीकडे त्र्याण्णव. बरोबरी झाली की सभापतींचं मत सरकारला, म्हणजे विधेयक पास. मी सभागृहाबाहेर कोपऱ्यातल्या खांबाशी उभा होतो. घंटा वाजली, माणसं दोन दारांतून जाऊ लागली, उजवीकडून बाजूची, डावीकडून विरोधातली. दारात कारकून पट्टी खांद्याला टेकवून एकेक मोजत होता. आमचे त्या वेळचे अध्यक्ष समोरून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. आणि पक्षाचा आदेश शेवटी आदेश असतो, म्हणून मी

ठमे, हे वरचं असंच राहू देतो, मास्तरांना दिसू दे. पण ते खरं नाही. एकोणीस वर्षं मी ते सांगत आलोय, आधी तुझ्या वहिनीला, मग पक्षातल्या जवळच्यांना. ते अध्यक्ष वारले तेव्हा त्यांच्यावरच्या लेखातही कोणीतरी ते छापलं आणि मी गप्प राहिलो. मेलेल्या माणसाच्या नजरेवर मी माझं पाप लादलं.

त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना जोडीचं माहीतच नव्हतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. दार बंद व्हायला मिनिटभर उरलं होतं. मला एवढंच सुचलं की हे विधेयक आता फक्त मी पाडू शकतो, आणि मी डाव्या दाराकडे चालू लागलो. शेवटची चार पावलं पळालो. कारकुनाने माझ्या खांद्याला पट्टी टेकवली तेव्हा मला आनंद झाला होता, ठमे. भीती वगैरे नंतर वाटली. आधी आनंद झाला.

चौऱ्याण्णव विरुद्ध त्र्याण्णव.

मला ते विधेयक वाईटच वाटत होतं आणि आजही वाटतं. त्यावर वाद घालायला मी मास्तरांशी केव्हाही बसेन. पण ते पाडायचा हक्क मी सकाळीच देऊन टाकला होता.

पुढचं तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहायचं तर पूर्ण लिहायला हवं. मास्तर म्हणाले की आमची जोडी ठरली होती. पत्रकार माझ्याकडे आला. मी वही उघडून दाखवली आणि म्हटलं, माझ्याकडे अशी नोंद नाही. त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि सगळं मिळून खोटं होतं. त्यांच्या पक्षाने त्यांना काढलं, मेव्हण्याशी संगनमत केल्याचा ठपका ठेवून. ते शाळेत परत गेले. कोणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'गैरहजर' लिहून ठेवलं होतं आणि मास्तरांनी ते न पुसता त्याच्याखाली हजेरी घेतली, हे मला तुझ्या वहिनीने सांगितलं. तिने सांगितलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी दवाखान्यात तुला भेटायला आलो होतो. तुझ्या नाकातली नळी नुकतीच काढली होती. तू विचारलंस, दादा, तू त्या दिवशी कुठल्या दारातून गेलास. मी म्हटलं, काम होतं. तू भिंतीकडे तोंड केलंस. त्यानंतर तुझ्याकडून ती हाक मी ऐकलेली नाही.

आणि दोन वर्षांनी अध्यक्ष झाल्यावर माझं पहिलं भाषण. लिहिलेले कायदे शिपाई पाळायला लावतो, न लिहिलेले पाळायला माणूस सभ्य असावा लागतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अजूनही ती पुस्तिका पक्षात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला देतात. मी ते लिहिताना मास्तरांचाच विचार करत होतो, हे कोणाला सांगणार?

हे पत्र त्यांना तपासायला दे. शस्त्रक्रियेच्या आधी. घाई करतोय असं वाटेल, पण घाई आहेच.

सही काय करू ते समजत नाही.


२८ मार्च, शनिवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं

प्रिय ठमे,

हे पत्र टपालाने येणार नाही. तुझी वहिनी चहाचा थर्मास घेऊन वर येईल तेव्हा तिच्या हाती देतो. मी तुझ्या दोन मजले खाली आहे. वर एका रुग्णामागे दोनच नातेवाइकांना सोडतात, आणि दुसरी जागा मी तिला दिली. दारावरच्या माणसाने वहीत नाव लिहायला लावलं. नात्याच्या रकान्यात 'मेव्हणा' लिहिलं आणि या वहीत मात्र सहीही केली.

परवा माझं दुसरं पत्र परत आलं. उलटं करून, झटकून पाहिलं, तुझी चिठ्ठी नव्हती. फक्त 'मला कोणी सांगितलं नव्हतं' या ओळीपुढे लाल बरोबरची खूण, आणि तळाशी शेरा, 'उशिरा सादर'. त्याखाली तुझ्या अक्षरात मजला आणि खोली नंबर. मी हसलो आणि मग तुझ्या वहिनीला माझा चष्मा पुसायला फडकं आणून द्यावं लागलं. मास्तरांनी गुण दिलेले नाहीत. त्यांनी कधी कोणाला फुकटचे गुण दिले नाहीत, मग मला का द्यावेत?

त्याच दुपारी मी एक निवेदन लिहिलं. बारा ओळींचं, त्यात मास्तरांचं पूर्ण नाव तीनदा आहे. जोडी ठरली होती, ती मी मोडली, कोणाच्याही सांगण्यावरून नाही, आणि नंतर खोटं बोललो, एवढाच मजकूर. एक प्रत सभापतींना, कामकाजाच्या नोंदीला जोडावी म्हणून. एक मास्तरांच्या जुन्या पक्षाला. एक आमच्या सचिवांना, आज समारंभात वाचून दाखवायला.

सचिव धावत घरी आले. भला माणूस आहे, माझ्याच हाताखाली तयार झालेला. पाण्याचा पेला हातात तसाच धरून बसला. त्याचं म्हणणं असं की एवढ्या वर्षांनी हे उकरून काय मिळणार, त्या माणसाला तरी आता त्याचं काय. शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाला,

"साहेब, हे वाचलं तर चित्र लावता येणार नाही."

"मग लावू नका."

"आणि तुम्ही तिथे बसणार कसे?"

"मी येणार नाही. माझी जोडी ठरलीय."

त्याला वाटलं मला भ्रम झाला. तुझ्या वहिनीकडे पाहू लागला. ती म्हणाली, "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा शुद्धीवर आहेत." आणि त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

त्यांनी ते वाचलं की नाही, मला माहीत नाही. अकरा वाजता सुरू व्हायचं होतं. चित्र भिंतीवर असेल, किंवा भिंतीकडे तोंड करून ठेवलं असेल. चित्रकार मुलीचा सकाळी फोन आला होता. निवेदनाचं तिला कळलं होतं. म्हणाली, पक्षाला नको असेल तर चित्र मी परत घेते. शिवाय, तुमचे ओठ मी फार घट्ट मिटलेले काढलेत, बदलू का? मी म्हटलं, राहू दे, ते तसेच होते.

वाईट वाटतंय का म्हणशील तर वाटतंय. खोटं कशाला सांगू. मला ती भिंत हवी होती. बाबांच्या दुकानातला पोरगा त्या जिन्यावर, हे मनात किती वर्षं धरून होतो. काल संध्याकाळी कोट इस्त्री करून ठेवला होता आणि सकाळी तोच घालून इथे आलोय. बाजूच्या बाई मला डॉक्टर समजून रिपोर्ट दाखवत होत्या. मी तो वाचला आणि सगळं ठीक होईल म्हणालो. जुनी सवय.

तुझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी याच दवाखान्यात मास्तर ज्या लाकडी बाकावर बसले होते ते मी येताच शोधलं. ते नाही आता. निळ्या खुर्च्या आहेत, एका दांड्याला एकत्र ठोकलेल्या. एक माणूस हलला की सगळे हलतात. इथे बसून त्यांनी त्या दुपारी काय केलं असेल ते मी आज पहिल्यांदा समजून घेतोय. त्यांनी घड्याळ पाहिलं असेल. अडीच वाजले, घंटा वाजली असेल, असं मनाशी म्हटलं असेल. आणि निश्चिंत राहिले असतील, कारण मी बाहेर उभा होतो.

तू खाली यायलाच हवंस असं नाही. मी काही मागायला आलेलो नाही. तू त्यांच्या जवळ राहा. शुद्धीवर आले आणि बोलता आलं तर त्यांना एवढंच सांग की आज सभा होती, ते येऊ शकले नाहीत, म्हणून मीही गेलो नाही. त्यांना कळेल.

आणि तू विचारलं होतंस त्याचं उत्तर, उशिरा सादर. डाव्या दारातून गेलो होतो, ठमे. आज कुठल्याच दारातून गेलो नाही.

मास्तर बाहेर येईपर्यंत इथेच, खाली,

तुझा दादा